चालू करीन की चालवीन

मराठीत ‘चालू करणं’ आणि ‘चालवणं’ यांत बराच फरक आहे. पंखा चालू करणारा माणूस बटण दाबून खोलीबाहेर जाऊ शकतो. दुकान चालवणाऱ्याला दुकानात बसावं लागतं. मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे शब्दांचा असा कीस पाडायची सवय मला आहेच. पण मागच्या वर्षी एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत मी या दोन शब्दांच्या मधल्या जागेत राहिलो, आणि तिथे फारशी हवा नव्हती.

माझा थोरला भाऊ मार्चच्या शेवटी गेला. कल्याणच्या एका ऑफिसात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. छातीत दुखतंय म्हणून तिथल्या जिन्यावर बसला तो उठलाच नाही. सेहेचाळिसावं लागलं होतं. शेवटचं वर्षभर त्याच्या डोक्यात एकच विषय होता. मोहन्याला, त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर, कंपनीच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने एक गाळा घेतला होता आणि तिथे त्याला सायबर टाकायचं होतं. इंटरनेट कॅफेला तिकडे कोणी कॅफे म्हणत नाही, सायबर म्हणतात.

मी त्याला म्हटलं होतं, “दादा, आता प्रत्येकाच्या खिशात नेट आहे. सायबरवर येणार कोण?”

तो हसला. “तू एक काम कर. फोनवरून स्कॉलरशिपचा फॉर्म भरून दाखव. फोटो वीस केबीचा, सही दहा केबीची, दाखला पीडीएफमध्ये. भरून झाला की मला फोन कर, मग बोलू.”

मी तो फॉर्म कधी भरला नाही, त्यामुळे ते बोलणं तिथेच राहिलं.

दहावा मोहन्याच्या नदीकाठी केला. दादाला एकच मुलगी, बारावीत शिकणारी, म्हणून क्रिया मी केली. आमच्याकडे बायका दहाव्याला येत नाहीत. वहिनी आल्या. कोणाला न विचारता आल्या आणि ओट्यापासून लांब, बाजूला लिंबाखाली उभ्या राहिल्या. काकांनी तिकडे एकदा बघितलं आणि ते पुन्हा ओट्याकडे वळले.

पिंड ठेवले, आम्ही मागे सरलो. समोरच्या पत्र्याच्या शेडवर पाच-सहा कावळे बसलेले. एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. ऊन असं होतं की अनवाणी पाय आलटून पालटून उचलावे लागत होते. पलीकडे आणखी दोन घरांची माणसं ओटा रिकामा होण्याची वाट पाहत बसली होती. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

“दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्राला मान्य आहे.”

“थांबा हो गुरुजी,” काका म्हणाले. काका म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते डोंबिवलीला राहतात, आणि वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. “दर्भाचा कसला कावळा! त्याचा जीव कशात तरी अडकलाय. बोला रे कोणीतरी.”

मामेभाऊ म्हणाला, मुलीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस. काका स्वतः म्हणाले, सूनबाईला अंतर देणार नाही. दादाला चहात बुडवून खारी खायला आवडायची, म्हणून कोणी तरी नाक्यावरून खारी आणून ठेवली. कावळ्यांनी खारीकडेही बघितलं आणि ते जागचे हलले नाहीत.

“आता तू बोल,” काका माझ्याकडे वळले. “सख्खा भाऊ आहेस. तोंड मिटून काय उभा आहेस? ही काय लायब्ररी आहे?”

मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले आणि डोळे मिटले. चारचौघांत मेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलणं मला जमत नव्हतं. दादाशी मी एरवीही फार काही बोललो नव्हतो. काय म्हणावं ते सुचेना, आणि सुचलं ते बोलून टाकलं. डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता.

“शिवला, शिवला!” काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघितलंत? शब्द पडला आणि उतरला.”

मी काय म्हणालो होतो? माझ्या आठवणीप्रमाणे, “दादा, तुझं सायबर मी चालू करीन.” काकांच्या आठवणीप्रमाणे, “दादा, तुझं सायबर मी चालवीन.” तेराव्याच्या जेवणापर्यंत काकांचा पाठ सगळ्या नातेवाइकांत कायम झाला होता.

मी बाळकुमला राहतो, एकटाच. मोहन्याला जायचं म्हणजे बाळकुम नाक्यावरून भिवंडीमार्गे कल्याणची बस आणि तिथून शेअर रिक्षा. रस्ता मोकळा असेल तर दीड तास, आणि तो मोकळा नसतो. नोकरी आणि सायबर दोन्ही होणं शक्य नव्हतं. काकांना त्यात अडचण दिसत नव्हती. फोनवर म्हणायचे, “लायब्ररीत असतं काय रे? पुस्तकांवरची धूळ झटकायची. ती कोणीही झटकेल. तू शब्द दिलायस.”

एकोणीस वर्षं मी त्या ग्रंथालयात आहे. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे मला न बघता सांगता येतं. जगात मला एवढंच चांगलं येतं. पण हे काकांना कसं सांगणार? आणि कावळ्यावर माझा विश्वास नाही, हेही सांगता येईना. तसं मी कॉलेजात असल्यापासून म्हणत आलो होतो. आता म्हणायला गेलो की पाऊण तास न हललेला तो पक्षी डोळ्यांसमोर यायचा. विश्वास नसलेल्या गोष्टीतून सुटायचं कसं, ते मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही. मी फक्त माझं क्रियापद धरून बसलो. चालू करीन म्हणालो आहे, तर चालू करून देईन. पुढचं पुढे.

गाळ्याचं शटर पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतून नव्या प्लायवूडचा वास आला. दादाने बरंच करून ठेवलं होतं. दोन्ही भिंतींना लागून टेबलं, प्रत्येक दोन टेबलांमध्ये छातीपर्यंत उंचीची फळी. दाराशी एक काउंटर आणि एकच फिरती खुर्ची. कोपऱ्यात सात जुने कॉम्प्युटर, केबलचं मोठं खोकं, प्रिंटर, आणि आठ भोकांची एक लहान काळी पेटी, जिला स्विच म्हणतात. बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन एका भोकात, उरलेल्या सातांत सात कॉम्प्युटर. नववं काही जोडायला जागा नव्हती. दादाने मोजून घेतलं होतं.

मी दर रविवारी जायला लागलो. मदतीला दादाचा मित्र होता, मोहन्याचाच इलेक्ट्रिशियन, पन्नाशीचा, सतत तोंड चालू असलेला माणूस. त्याने पहिल्याच दिवशी माझं नाव ‘लायब्ररी’ ठेवलं.

“लायब्ररी, केबल पाइपात घालायचीय. तुमच्या भावाने पाइप भिंतीतच टाकलेत, प्लास्टरच्या आधी. भारी काम. पण आत काय घालून ठेवलंय बघा.”

प्रत्येक पाइपाच्या तोंडातून सुतळीचं एक टोक बाहेर आलं होतं. पुढे केबल घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून दादाने सातही पाइपांत सुतळी ओवून ठेवली होती. एका टोकाला केबल बांधायची, दुसऱ्या टोकाने सुतळी ओढायची.

“सावकाश ओढा. तुटली तर भिंत फोडायला लागेल,” तो म्हणाला.

मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून ओढायला लागलो. सुतळी हात हात बाहेर येत होती. शेवटी दादाची गाठ आली, त्याने पलीकडच्या टोकाला मारून ठेवलेली, आणि तिच्यामागे मी बांधलेली केबल. त्याने भिंतीत ठेवलेलं मी भिंतीतून काढत होतो. तेवढं करणं मला जमत होतं, आणि तेवढंच मला हवं होतं. सातही सुतळ्या गुंडाळून मी पिशवीत ठेवल्या. इलेक्ट्रिशियनने बघितलं, पण तो काही बोलला नाही. मी त्याला गप्प बसलेलं बघितलं ते त्या एकाच वेळी.

केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, आणि टोकाला पारदर्शक प्लास्टिकची पिन लावताना त्या ठरलेल्या रंगक्रमाने बसवाव्या लागतात. गाळ्यात दादाची एक वही सापडली होती, तिच्यात तो क्रम लिहिलेला होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी तो पाठ केला. ऑगस्टमधल्या दोन रविवारी मी चौदा टोकांना पिना लावल्या. तपासायच्या यंत्रावर एकाही केबलचे दिवे नीट लागले नाहीत. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या कामावर गेला होता, तो संध्याकाळी आला. त्याने एक पिन उचलली, उजेडात धरली आणि तो खो खो हसत सुटला.

“लायब्ररी! तुम्ही पिनेची जिभली कधी वर, कधी खाली धरलीय. रंग जिभली खाली धरून मोजायचे. तुम्ही पुस्तक वाचल्यासारखे वाचलेत, जसं हातात आलं तसं डावीकडून उजवीकडे.”

मी म्हटलं, वहीत तसं लिहिलेलं नाही.

“तो कशाला लिहील? त्याला ते माहीत होतं ना. जे माहीत असतं ते माणूस लिहीत नाही.”

चौदाही पिना कापून टाकल्या आणि पुन्हा लावल्या. माझ्या बोटांची टोकं सोलवटली. सोमवारी कॉलेजात पुस्तकांचे कोपरे धरतानाही ती चुरचुरायची. पिना फुकट गेल्या त्याचं दुःख नव्हतं. उशीर झाला त्याचा मला आनंद झाला होता, आणि तो आनंद लपवायला मला त्रास होत होता. जोपर्यंत सायबर चालू होत नव्हतं तोपर्यंत ते कोण चालवणार हा प्रश्न नव्हता. मी सावकाश काम करायला लागलो. केबलवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ग्रंथालयातल्या पुस्तकांवर असतात तशा, भिंत-टेबल-क्रमांक. येणाऱ्या माणसाचं नाव आणि ओळखपत्र लिहायला रजिस्टर आखलं, दोनदा आखलं. सातही कॉम्प्युटरना वहीप्रमाणे नेटसाठी लागणारे वेगवेगळे आकडे दिले, आणि दोघांना एकच आकडा दिला. त्यामुळे एकाचं नेट चाललं की दुसऱ्याचं जायचं. हे शोधायला आणखी दोन रविवार गेले. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं मी लिहू शकतो.

वहिनी दर रविवारी चार वाजता थर्मासमधून चहा घेऊन यायच्या. कप देऊन लगेच जायच्या नाहीत. तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि काही तरी टाइप करत राहायच्या. त्यांची बोटं मराठी टायपिंगवर माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने पडत. लग्नाआधी त्यांनी कोर्स केला होता. “भाऊजी, फोटो लहान कसा करायचा हो?” “भाऊजी, प्रिंट दोन्ही बाजूंनी कशी काढायची?” मी सांगायचो, त्या स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायच्या. मला वाटायचं, वेळ जावा म्हणून विचारतात.

दिवाळी आमच्याकडे नव्हती. दिवाळीनंतर काका गाळा बघायला आले. काउंटरवरून हात फिरवला, खुर्ची एकदा गोल फिरवून बघितली.

“झालंच की सगळं! बसायला कधी लागतोस?”

“थोडं राहिलंय,” मी म्हटलं.

“राहिलंय, राहिलंय. वर्षश्राद्धाच्या आत झालं पाहिजे. हे बघ, गाळ्याला गिऱ्हाईक आलं होतं. मीच नको म्हटलं. का, तर तू बसणार म्हणून. बाईमाणसाने का इथे बसायचंय? दिवसभर गेटवरची माणसं, ट्रकवाले.”

वहिनी त्यांच्यासाठी चहा ओतत होत्या. कप त्यांच्या हातात देऊन त्या बशी पुसत राहिल्या.

काका गेल्यावर मी टेबलाखाली शिरलो. तिथे काही काम नव्हतं. दोन फळ्यांच्या मध्ये, पाठ भिंतीला टेकवून, मी बराच वेळ बसून राहिलो. समोर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या केबल होत्या. एक एक केबल मी स्वतः ओढून घेतली होती. जितकं नीट काम करीन तितका इथे पक्का होईन, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं, आणि वाईट काम करणं तर मला येत नाही. दादाचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. पाऊण तास ताणून धरलंस आणि माझ्याकडून वदवून घेतलंस, असं मी त्याला मनात म्हणालो. तो गेल्यापासून मी त्याच्याशी एवढं एकच बोलत होतो, पण ते रोज बोलत होतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी महिनाभराची बिनपगारी रजा टाकली. रजा संपली की हजर व्हायचं किंवा राजीनामा द्यायचा. राजीनामा लिहायला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ असं होतं. मग वाटलं, अडचण हा शब्द दादाला लावणं बरोबर नाही. ‘कौटुंबिक कारणास्तव’ केलं. पत्र घडी करून पिशवीत ठेवलं, सुतळ्यांच्या शेजारी.

रजेच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सातही कॉम्प्युटर एकदम लागले. काळ्या पेटीवर आठ हिरवे दिवे लुकलुकायला लागले. इलेक्ट्रिशियनने प्रत्येक टेबलाशी जाऊन बघितलं, मग हात झटकले.

“लायब्ररी, चालू झालं तुमचं. आता शांतता राखा.” आणि तो बाहेर जाऊन त्याच्या स्कूटरला किक मारायला लागला.

वर्षाच्या आतलं काम, म्हणून नारळ नाही, तोरण नाही. शटर तेवढं पूर्ण वर केलेलं. मी काउंटरमागच्या खुर्चीत बसलो होतो. वहिनी चहा घेऊन आल्या. आज त्या तीन नंबरवर बसल्या नाहीत, काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

“सोमवारी कॉलेजात पत्र देऊन येतो,” मी म्हटलं. “मंगळवारपासून बसेन.”

त्यांनी कप काउंटरवर ठेवला. मला गप्प राहवेना. आठ महिने जे कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगावंसं वाटलं. निदान एका माणसाला ते माहीत असावं.

“वहिनी, एक सांगतो. त्या दिवशी नदीवर मी ‘चालू करीन’ म्हणालो होतो. काका ‘चालवीन’ म्हणतात, पण तसं नव्हतं.”

“नाही भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ‘चालवीन’च म्हणालात. मला स्वच्छ ऐकू आलं.”

मी खाली बघितलं. तेवढी एक फट होती, तीही बुजली.

“पण तुम्ही बोललात त्याच्या आधीच तो उतरला होता.”

“कोण?”

“कावळा. सगळे तुमच्याकडे बघत होते ना, तुम्ही काय बोलताय म्हणून. तुमचे डोळे मिटलेले. गुरुजी त्या दुसऱ्या लोकांशी बोलत होते. पिंडाकडे मी एकटीच बघत होते.” त्या थांबल्या. “मी मनात म्हटलं, जा तुम्ही आता, आमचं काही अडणार नाही. एवढंच म्हटलं. तर तो उतरला आणि पहिला घास घेतला. मग तुम्ही बोललात.”

रस्त्यावर स्कूटर एकदाची सुरू झाली आणि लांब गेली.

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तेव्हा सांगितलं असतं तर काकांनी गाळा विकला असता. तुम्ही बसणार म्हणून तर ठेवला. मला इथे बसायचंय, भाऊजी. मला येतंय सगळं आता, तुम्हीच शिकवलंत. पण तुमचा शब्द होता म्हणून हे एवढं उभं राहिलं. मी तुमचा शब्द वापरला.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “मला माहीत आहे तुम्हाला किती जड गेलं ते. प्रत्येक रविवारी तुमचं तोंड बघत होते. पण सांगितलं नाही. काकांशी मी बोलेन. सगळं चालू झालेलं दुकान आता कसं विकतील?”

मला हलकं वाटायला हवं होतं. पिशवीत पत्र होतं, ते द्यायचं नव्हतं. सोमवारी मी माझ्या कपाटांत परत जाणार होतो, आणि गेलोही. पण त्या क्षणी मला दुसरंच काही तरी कळत होतं. कावळा आधीच शिवला होता. म्हणजे दादाचा जीव माझ्यात अडकला नव्हता. त्याला माझ्याकडून काही नको होतं. तो वहिनींचं ऐकून गेला, आणि मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. आठ महिने मी ज्याच्याशी भांडत होतो तो माझं भांडण सुरू व्हायच्या आधीच निघून गेला होता.

मी काउंटरवरच्या रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. दोनदा आखलेल्या रेघा सरळ होत्या.

तेवढ्यात दारात एक बाई आली. हातात प्लास्टिकचं फोल्डर, मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. आत यावं की नाही अशा विचारात तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “सायबर चालू आहे का?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

“चालू आहे,” त्या म्हणाल्या. “या ना आत. कसला फॉर्म आहे? स्कॉलरशिपचा का?” मग आवाज खाली करून माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, जरा उठता?”

मी उठलो. दादाने काउंटरला एकच खुर्ची घेतली होती.